घोयऱ्याचें घर : झाडें आणि प्रकाश

एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव सहकुटुंब अमेरिकेंत असतात. अकरा वर्षांच्या नातवानें वाढदिवसाची भेट म्हणून कॅमेलिऑन मागितला असून वडिलांनीं होकारहि दिला आहे. बाई लवकरच सहा महिन्यांकरितां तिकडे जावयाच्या आहेत. 'पिंजऱ्यांतील झाडांचें काम माझ्याकडे आलें आहे. तेव्हां झाडें कोणतीं लावावीं आणि दिवे कोणते घ्यावे, तेवढें सांगा,' असें त्या लिहितात. प्रश्न लहान दिसतो. परंतु या प्राण्याचें जगणें-मरणें बहुतांशीं याच दोन गोष्टींवर अवलंबून असल्यामुळें उत्तर सविस्तर देणें योग्य वाटतें.

आरंभींच इकडील वाचकांकरितां एक खुलासा केला पाहिजे. आपल्या रानांत आढळणारा कॅमेलिऑन म्हणजे घोयरा. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानें त्यास संरक्षण दिलेलें आहे. त्याला पकडणें अगर घरीं बाळगणें हा गुन्हा होय. अमेरिकेंत विकला जातो तो बहुधा मूळचा येमेन व सौदी अरेबिया येथील, डोक्यावर उंच शिरस्त्राण असलेला, त्याचा जातभाई. तो पिंजऱ्यांत जन्मलेलाच घ्यावा. तेथेंहि सर्वत्र सारखा नियम नाहीं. हवाई बेटांत तो बाळगण्यास बंदी आहे. तेव्हां आपल्या राज्याचा कायदा आधीं पाहावा.

हा प्राणी झाडावर राहणारा व एकलकोंडा आहे. म्हणून पिंजरा रुंदीपेक्षां उंचीला अधिक असावा. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यास दोन फूट लांब, दोन फूट रुंद व चार फूट उंच एवढी जागा लागते. बाजू जाळीच्या असाव्या, म्हणजे हवा खेळती राहते. एका पिंजऱ्यांत एकच प्राणी ठेवावा. दुसरा नुसता दृष्टीस पडला तरी तो बेचैन होतो.

आतां झाडें. तीं शोभेसाठीं नसून त्यांच्याकडे तीन कामें असतात. लपावयास आडोसा देणें, पायांस पकड देणें आणि पाणी पाजणें. यांतील तिसरें काम पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. भांड्यांत साचलेल्या पाण्याकडे हा प्राणी सहसा वळत नाहीं. पानांवरचे थेंब तो जिभेनें टिपतो. म्हणून सकाळीं व सायंकाळीं पानांवर बारीक तुषार उडवावे आणि मध्यंतरीं पानें सुकूं द्यावीं. खालीं पाणी वाहून जाण्याची सोय हवी. सदैव ओलसर व कोंदट हवेंत त्याला फुप्फुसाचे विकार जडतात.

येमेनी जातीला पानें कुरतडण्याची खोड असते. म्हणून झाड निर्विष पाहिजे. या दृष्टीनें आपली जास्वंद उत्तम. तिचीं पानें व फुलें त्यानें खाल्लीं तरी बाधत नाहींत. मनीप्लँटच्या पानांत तोंडाला चुरचुरणारे सूक्ष्म स्फटिक असतात. तरी ती वेल काटक असल्यामुळें पाळणारे तिचा सर्रास उपयोग करितात. आडोशासाठीं ती चालेल, खाण्यासाठीं जास्वंद बरी. कण्हेर, धोतरा, घाणेरी व डिफनबेकिया यांना मात्र दाराबाहेरच ठेवावें. बाजारांतून आणलेल्या झाडावर औषध मारलेलें असण्याचा संभव असतो. यास्तव पानें स्वच्छ धुऊन, कुंडींतील माती बदलून, कांहीं आठवडे तें बाजूस ठेवावें व मगच आंत न्यावें. मातीवर मोठे गुळगुळीत गोटे पसरावे, म्हणजे माती प्राण्याच्या तोंडांत जाणार नाहीं.

प्रकाशाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. उन्हाला पारखें झालेलें मूल मुडदुसानें कसें खंगतें, हें आपल्या घरांतील वडील मंडळींस ठाऊक आहे. या प्राण्याचीहि तीच गत होते. उन्हांतील अतिनील किरण त्वचेवर पडले म्हणजे शरीरांत ड जीवनसत्त्व तयार होतें व त्याच्या साहाय्यानें अन्नांतील चुना हाडांत बसतो. ते किरण न मिळाल्यास जबडा मऊ पडतो, पाय वांकतात, फांदी धरवत नाहीं आणि जीभ फेंकून किडा पकडणेंहि साधत नाहीं.

पिंजरा खिडकीशीं ठेवला कीं काम झालें, असें कोणालाहि वाटेल. परंतु खिडकीची कांच नेमके हेच किरण अडविते. साधा एलईडी दिवाहि ते देत नाहीं. तो झाडांच्या वाढीसाठीं लावावा. प्राण्यासाठीं खास अतिनील प्रकाशाची, टी-५ जातीची लांब नळी घ्यावी. पिळाचा लहान दिवा अपुरा पडतो. नळीचा उजेड डोळ्यांना पूर्ववत् दिसला तरी तिचे हे किरण हळूहळू क्षीण होतात. म्हणून ती वर्षानें बदलावी.

उबेसाठीं साधा तारेचा दिवा पुरतो. तो जाळीच्या बाहेर, वरच्या बाजूस टांगावा. त्याखालच्या फांदीवर नराला २९ ते ३० अंश व मादीला २७ अंश सेल्सिअस इतकी उष्णता असावी. फांदी फार जवळ बांधल्यास पाठ किंवा डोकें भाजतें. दिवे बारा तास ठेवून रात्रीं सर्व मालवावे. रात्रीचा तांबडा दिवा लावूं नये. पिंजऱ्याच्या खालच्या भागांत गारवा व सांवली ठेवावी, म्हणजे ऊब किती घ्यावयाची तें प्राणी आपलें आपण ठरवितो.

बसल्या पानाचा रंग तो घेतो, ही समजूत खरी नाहीं. त्याच्या त्वचेंतील सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर कमीअधिक होऊन रंग पालटतो, असें २०१५ सालीं जिनिव्हा येथील संशोधकांनीं दाखविलें. सकाळीं ऊब घेतांना तो काळसर होतो, हें स्वाभाविक आहे. परंतु दिवसभर काळवंडलेला राहिला किंवा भर उजेडांत डोळे मिटून बसला, तर विलंब न करितां प्राणिवैद्याकडे न्यावें.

आमची शेवटची सूचना अशी कीं, पिंजरा आधीं, प्राणी मागून. झाडें लावून, दिवे जोडून, उष्णतामापक ठेवून रिकामा पिंजरा पंधरा दिवस चालवावा. तितके दिवस नातवानें रोज दोन वेळां तुषार उडविले व दिवे वेळेवर मालविले, तर भेट त्याला पेलेल. हा प्राणी बहुधा पांच ते आठ वर्षें जगतो. हौस त्याच्या आधीं संपूं शकते. आणि कंटाळा आला म्हणून त्याला बाहेर सोडून देणें हा दुहेरी अपराध होय. पाळणाऱ्यांच्या हातून सुटलेले हेच प्राणी आज फ्लॉरिडांत रानटी होऊन राहिले आहेत.

इकडील मुलांना पिंजरा नको आणि दिवाहि नको. कुंपणावर घोयरा दिसल्यास तो विषारी नाहीं एवढें त्यांना सांगावें, आणि भीतीपोटीं कोणी दगड उचलील तर त्याचा हात धरावा.