दारातली गाडी : स्विफ्ट की ग्रँड आय-टेन?



आमची धाकटी बहीण केजला दिलेली आहे. दाजी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. मागच्या पावसाळ्यात एका रात्री त्यांच्या आईला दम लागला. ओळखीच्या जीपवाल्याने आधी दोन हजार मागितले आणि नंतर फोनच उचलला नाही. शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोत गोधडी अंथरून म्हातारीला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेले. ती वाचली. तेव्हापासून आठवड्याला एक खेप ठरलेली आहे. त्याच आठवड्यात दाजींनी ठरवले, दारात स्वतःची गाडी हवी.

बहिणीचा विरोध होता. हाती आलेल्या पैशातून लेकीच्या नर्सिंगची फी भरायची होती. आम्ही मधे पडलो. आधी फीची रक्कम बँकेत मुदतठेवीत गेली. उरलेल्या साडेतीन लाखांतच गाडी बघायची आणि कर्ज काढायचे नाही, असे ठरले. मगच भाचीचा फोन आला, "मामा, दोन गाड्या बघितल्यात. स्विफ्ट घ्यावी का ग्रँड आय-टेन? दोन्ही डिझेल."

हा प्रश्न आमच्या अनेक वाचकांच्या घरात आहे. म्हणून जे पाहिले ते सांगतो.

पहिली गोष्ट, गाडी जुनीच का? १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. लहान डिझेल इंजिनाचा धूर त्या नियमात बसवणे फार महाग पडू लागले. मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. टाटांच्या टियागोचे डिझेलही गेले, ह्युंदाईच्या निऑसचे २०२२ मध्ये गेले. २०२५ पर्यंत नव्या डिझेल हॅचबॅकमध्ये टाटांची अल्ट्रोझ तेवढी उरली होती, आणि ती दाजींच्या पल्ल्याबाहेरची. म्हणजे आपल्यासारख्यांसमोर जुना बाजार उरतो.

दुसरी गोष्ट, डिझेलच का? मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपये लिटर होते. त्या काळात ज्याने त्याने डिझेल गाडी घेतली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचे सरकारी नियंत्रण उठले आणि तो फरक आटला. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वर्षाला ६,००० किलोमीटर धरले. पेट्रोल १०४ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १७. डिझेल ९१ रुपये आणि अ‍ॅव्हरेज २०. वर्षाकाठी बचत निघाली नऊ-साडेनऊ हजारांची. एकदा इंजेक्टरचे काम निघाले की ती सगळी गेली. म्हणून ज्यांचे फिरणे याहून कमी आहे त्यांनी सरळ पेट्रोल गाडी बघावी. दाजींची गोष्ट वेगळी. आयुष्य डिझेल इंजिनात गेलेले. अर्धी दुरुस्ती ते घरीच करतील.

आता दोन गाड्या. स्विफ्ट २०१४ ची, मागणी दोन लाख सत्तर हजार. ग्रँड आय-टेन २०१५ ची, दोन लाख नव्वद हजार.

स्विफ्टचे डिझेल इंजिन १,२४८ सी.सी.चे, चार सिलेंडरचे, मुळात फियाट कंपनीचे. तेच इंजिन डिझायर, रिट्झ, फियाट पुंटो, टाटा व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत आले. त्यामुळे त्याचे सामान तालुक्याच्या गावी मिळते आणि त्याला हात लावलेला मिस्त्री प्रत्येक ठिकाणी असतो. मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीने चढायला ते दमदार आहे. उणे इतकेच की मागची जागा आखूड आणि डिकी फक्त २०४ लिटरची.

ग्रँड आय-टेनचे इंजिन १,१२० सी.सी.चे, तीन सिलेंडरचे. उभ्या गाडीत स्टेअरिंग थरथरते. भाची घाबरली. दाजी हसून म्हणाले, "तीन पायांचं जनावर आहे, हलणारच. फक्त फाउंडेशन बघून घ्या." घाटात गिअर लवकर उतरवावा लागतो. पण डिकी २५६ लिटरची, आणि मागे बसायला जागा बरी. आजीला उतरता-चढताना गुडघे दुमडावे लागतात, तिला बसवून बघितले तर ती याच गाडीत सुखाने बसली.

कागदावर तराजू सारखाच होता. मग आम्ही गाड्या बघायला गेलो. सकाळी सातला, न सांगता. स्विफ्टवाल्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले होते! डिझेल गाडीचा खरा स्वभाव थंड इंजिन सुरू करतानाच कळतो. घड्याळात ७८,००० किलोमीटर दिसत होते, पण क्लच-ब्रेकच्या पेडलांचे रबर पार गुळगुळीत झालेले. सर्व्हिसची बिले म्हणे हरवली. दाजींनी चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडले तर धूर भकाभका बाहेर आला. आम्ही चहा न घेताच निघालो.

ग्रँड आय-टेन एका मास्तरांची. रनिंग ९२,००० म्हणजे जास्त, पण एकूणएक बिल फाईलला लावलेले. थंड इंजिन दुसऱ्या हबक्याला सुरू झाले. काळा धूर नाही. शिवाय गाडी वरच्या मॉडेलची, पुढे दोन एअरबॅग. स्विफ्ट खालच्या मॉडेलची, एकही एअरबॅग नव्हती. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने बिना एअरबॅगची स्विफ्ट आदळून तपासली, तेव्हा तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. आपल्याकडे चालकापुढची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. जुनी गाडी घेताना हे विचारणारा विरळाच. म्युझिक सिस्टीम मात्र सगळे वाजवून बघतात.

सौदा दोन लाख ऐंशीला तुटला. उरलेल्या सत्तर हजारांतून दोन टायर, बॅटरी, विमा आणि नावावर करण्याचा खर्च भागला; बाकीचे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पैसे देण्याआधी आर.सी.वर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असल्यास बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या करा, कोऱ्या फॉर्मवर करू नका. थकलेली चलने परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर दिसतात. विमा नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला महाराष्ट्रात नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, ती बसवलेली आहे का पाहा.

दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते, अशी भीती गावोगाव ऐकू येते. तो निर्बंध दिल्ली परिसरासाठी आला. आपल्याकडे पंधरा वर्षांनी तपासणी करून नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, वर पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे २०१५ ची गाडी २०३० पर्यंत निर्धास्त.

डिझेल पंपावरचेच भरा, ड्रममधले स्वस्त घेऊ नका. लांबून आल्यावर इंजिन अर्धा मिनिट तसेच चालू ठेवून मग बंद करा, टर्बो जास्त टिकतो.

परवा बहिणीचा फोन आला. आजी आता पुढच्या सीटवर बसून, पट्टा लावून अंबाजोगाईला जाते. आणि भाचीची पहिल्या वर्षाची फी वेळेवर भरली गेली. गाडीपेक्षा आम्हाला त्याचे समाधान अधिक वाटते.