विश्वाची गुणगुण आणि खोडदची शांतता

पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या वादात नारायणगावजवळच्या खोडदच्या ‘जीएमआरटी’ रेडिओ दुर्बिणीचे नाव वारंवार येते. रेल्वेच्या यंत्रणेतून निघणाऱ्या रेडिओलहरींनी निरीक्षणांत व्यत्यय येईल, असा शास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. तिथे एवढे जपण्यासारखे काय आहे? त्याचे एक उत्तर २९ जून २०२३ रोजी मिळाले.

त्या दिवशी अमेरिका, युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील शास्त्रज्ञांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे एकाच वेळी मांडले. २०१५ मध्ये ‘लायगो’ने पहिल्यांदा टिपलेला संकेत सेकंदाच्या अंशात संपला होता. या लहरींचे मात्र एक आवर्तन पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागतात. दीर्घिकांच्या केंद्रांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या असंख्य जोड्यांतून त्या येत असाव्यात. जत्रेच्या गलबल्यात एकेक आवाज ओळखू येत नाही, तशीच ही गुणगुण.

ती ऐकण्यासाठी पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारे मृत तारे, घड्याळासारखे वापरतात. त्यांचे स्पंद किंचित लवकर किंवा उशिरा पोहोचतात का, हे तपासले जाते. एकाच पल्सारची वेळ चुकली, तर दोष त्याचाच असू शकतो. पण अनेक पल्सारच्या चुकांत, आकाशातील त्यांच्यामधल्या कोनानुसार ठरावीक नाते दिसले, तर बोट गुरुत्वीय लहरींकडे जाते. हे नाते हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्येच मांडले होते.

मात्र वाटेतील इलेक्ट्रॉनही स्पंदांना उशीर करतात. कमी वारंवारितेवर हा उशीर ठळक असल्याने तो नेमका मोजून वजा करता येतो. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना इथे मोलाच्या ठरतात. म्हणूनच युरोपीय गटाच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींना भारत-जपान गटाची १० पल्सारची मापने जोडली गेली.

तरीही शास्त्रज्ञ ‘शोध लागला’ असे म्हणत नाहीत. योगायोगाची शक्यता पुरेशी दूर झालेली नाही. त्यासाठी आणखी अनेक वर्षांच्या अखंड नोंदी हव्यात. जुन्नर, आंबेगावकरांची रेल्वेची मागणी रास्तच आहे. पण तिचा मार्ग कागदावर बदलता येतो. गोंगाटात वाया गेलेले वर्ष पुन्हा मोजता येत नाही. आखणी करताना हा फरक विसरू नये.