आजीची आजी कोण होती?

पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. आडनावावरून ही माणसं कोकणातली वाटतात आणि ती आहेतही. तेलाचा घाणा चालवायचा, पण शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. ते हिब्रू विसरले. शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता आणि ‘शेमा’ची प्रार्थना मात्र विसरले नाहीत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. कोकणात त्याचा पुरावा कुणी मागितला नाही.

मागितला तो इस्रायलमध्ये. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, पीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना सांगितलं, की या समाजाच्या वधूवरांची आई, आजी, तिची आई अशा जमतील तितक्या पिढ्या तपासा. शंकेला शास्त्राचा आधार होता. यहुदी धर्मशास्त्रात यहुदीपण आईकडून येतं, आणि कोकणात शतकानुशतकं रब्बीच नव्हते. मग घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? पण ही झडती नाव घेऊन एकाच समाजाची सुरू झाली, तेव्हा तिला शास्त्राची नव्हे, संशयाची कळा आली.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. १७ ऑगस्टला इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला आणि पुढे रब्बींनी आदेशातून समाजाचं नाव काढलं. हा निकाल वंशावळीने दिला नाही, आंदोलनाने दिला.

मात्र याच समाजाने घरी दुसरी झडती चालवली होती. बिगरयहुदी स्थानिक स्त्रियांपासून झालेली संतती आणि तिचे वंशज ‘काळे इस्रायल’, बाकीचे ‘गोरे’. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही, पंगतीलाही बसायचं नाही. जेरुसलेमच्या रस्त्यावर जो अपमान असह्य झाला, तो कोकणात रीत म्हणून खपला होता.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायल समाजात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंश आढळले. यहुदी वारसा मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला. म्हणजे खूप मागे गेलं, तर गोऱ्यांची पणजीही इथलीच निघते.