विश्लेषण : जुन्या शिडाच्या बोटीवर नवी यंत्रे बसवली, तरी धोका नेमका कुठे राहतो?

फ्रंट ईगल आणि अ‍ॅडलिन या दोन तेलवाहू जहाजांची १७ जून २०२५ रोजी ओमानच्या आखातात टक्कर झाली. इस्रायल-इराण संघर्ष सुरू होऊन चारच दिवस झाले होते आणि होर्मुझच्या परिसरात जीपीएसच्या संदेशांत मोठे अडथळे येत होते. संयुक्त अरब अमिरातीने चालकांचा अंदाज चुकल्याचे कारण दिले. मात्र त्याच दिवसांत अनेक जहाजे नकाशाच्या पडद्यावर चक्क जमिनीवर उभी दिसत होती. मोठ्या जहाजावर अशा वेळी पाळीवर अधिकारी असतो, दोन-दोन रडार असतात. दोघांनीच चालवायच्या जुन्या शिडाच्या बोटीवर यातले फारसे काही नसते. अशा बोटींवर सध्या नवी नेव्हिगेशन यंत्रणा बसवण्याकडे कल आहे. त्यातून काय मिळते आणि काय हातचे जाते, ते पाहू.

जुनी यंत्रे बदलावी का लागतात?

फायबरग्लासचा सांगाडा चाळीस-पन्नास वर्षे सहज टिकतो. त्यामुळे १९७०-८०च्या दशकांत बांधलेल्या असंख्य बोटी आजही समुद्रात आहेत. इलेक्ट्रॉनिक्सचे आयुष्य मात्र जेमतेम दहा-पंधरा वर्षांचे. खारी हवा वायरी खाते, पडदे आंधळे होतात आणि ज्या कार्ट्रिजमध्ये नकाशे भरलेले असतात त्यांची नवी आवृत्ती निघणे बंद होते.

काही यंत्रे तर धडधाकट असूनही निकामी होतात. जीपीएसचा मूळ संदेश आठवड्याचा क्रमांक दहा बिटमध्ये पाठवतो, म्हणजे १०२४ आठवडे झाले की गणती पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी असे घडले तेव्हा अनेक जुन्या रिसीव्हरांनी तारीख सुमारे वीस वर्षे मागे नेली. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८मध्ये आहे.

तिसरे कारण म्हणजे एआयएस. जहाजाचे नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून आपोआप सांगणारी ही व्यवस्था मोठ्या जहाजांना सक्तीची आहे. छोट्या बोटीसाठीचा साधा ‘क्लास बी’ संच फक्त दोन वॅटवर चालतो आणि चालत्या बोटीची जागा दर तीस सेकंदांनी कळवतो. रात्री मालवाहू जहाजांच्या वाटेवरून जाताना त्याने जीव वाचू शकतो. जुन्या बोटीसाठी सगळ्यात उपयोगी नवे यंत्र कोणते, असे विचारले तर मोठ्या पडद्याआधी याचेच नाव घ्यावे लागेल.

नवी यंत्रणा जोडली कशी जाते?

पूर्वी प्रत्येक यंत्राची तबकडी वेगळी असे. खोली मोजणारा साउंडर वेगळा, वेगमापक वेगळा, डोलकाठीच्या टोकावरचा वारादर्शक वेगळा. पुढे ती एकमेकांशी बोलावीत म्हणून एनएमईए ०१८३ हे मानक आले. सेकंदाला ४८०० बिट, एक बोलणारा आणि बाकीचे ऐकणारे, असा तो साधा व्यवहार होता. आजचे मानक एनएमईए २००० आहे. ते कॅन बसवर चालते. हे तंत्र बॉश कंपनीने १९८०च्या दशकात मोटारींसाठी तयार केले. तुमच्या गाडीच्या ओबीडी पोर्टमागेही तेच असते. बोटीच्या लांबीभर एक मुख्य केबल टाकायची, तिच्या दोन्ही टोकांना १२० ओमचे रोधक लावायचे आणि प्रत्येक यंत्र छोट्या फांदीने तिला जोडायचे. वीज बंद करून दोन डेटा तारांमध्ये मीटर लावला आणि ६० ओमच्या आसपास आकडा आला, तर दोन्ही रोधक जागेवर आहेत. १२० आला, तर एक गायब आहे. नवे बसवलेले यंत्र अधूनमधून गायब होते, अशा तक्रारीत सगळ्यात आधी तपासायची गोष्ट हीच.

जुनी यंत्रे सरसकट फेकावी लागत नाहीत. आधीचे साउंडर किंवा वारादर्शक चालू असतील, तर रूपांतरक लावून त्यांची माहिती नव्या केबलवर आणता येते. विक्रेते हे आपणहून सांगतातच असे नाही.

मग यात धोका कोणता?

सगळे एका केबलवर आले की सगळे एकाच माहितीवर चालू लागते. चार्टप्लॉटरला जागा जीपीएस सांगते. ऑटोपायलट त्या जागेवरून सुकाणू फिरवतो, एआयएस तीच जागा इतरांना कळवते आणि व्हीएचएफ रेडिओचे लाल बटण दाबले तर संकटसंदेशातही तीच जाते. पडद्यावर चार खिडक्या दिसतात, पण साक्षीदार एकच असतो.

याचे गाजलेले उदाहरण रॉयल मॅजेस्टी या प्रवासी जहाजाचे. ९ जून १९९५ रोजी ते बर्म्युडाहून बोस्टनला निघाले. तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. रिसीव्हर मग वेग आणि दिशेवरून अंदाजाने जागा काढू लागला. तसे त्याने पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलेही, आणि एनएमईएच्या संदेशात ‘माहिती ग्राह्य नाही’ अशी खूणही पाठवली. ऑटोपायलटचे सॉफ्टवेअर ती खूण वाचतच नव्हते. सुमारे ३४ तासांनी, १० जूनच्या रात्री, १५०० हून अधिक माणसांसह ते जहाज नॅनटकेट बेटाजवळच्या वाळूत रुतले. ठरलेल्या वाटेपासून ते १७ मैल बाजूला गेले होते. सुदैवाने कोणी दगावले नाही. जहाजावर जीपीएसपासून स्वतंत्र असलेला लोरान रिसीव्हर होता, पण त्याच्याशी कोणी ताडून पाहिले नाही. खोली कमी झाली की वाजणारा साउंडरचा गजर शून्य मीटरवर लावलेला होता. म्हणजे तळ लागल्याशिवाय तो वाजणारच नव्हता.

दुसरी घटना शिडाच्याच बोटीची. टीम वेस्टास विंड ही व्होल्वो ओशन रेसमधली नवी कोरी बोट २९ नोव्हेंबर २०१४ रोजी हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला कारगाडोस काराहोस प्रवाळभित्तीवर आदळली. तेव्हा तिचा वेग होता १९ नॉट. जीपीएस अचूक होते आणि यंत्रांत काही बिघाड नव्हता. पण नकाशा पुरेसा झूम केलेला नव्हता. गुगल मॅप लहान केला की गल्ल्या दिसेनाशा होतात, तशीच दूरच्या दृश्यात ती भित्ती दिसत नव्हती. तिथे ४० मीटर खोली दिसत होती. नऊही खलाशी वाचले. नंतरच्या चौकशी अहवालात नकाशे वापरण्याच्या पद्धतीबरोबरच खुद्द इलेक्ट्रॉनिक नकाशांतल्या उणिवांवरही बोट ठेवण्यात आले.

जीपीएसच खोटे बोलू लागले तर?

उपग्रहाचा संदेश जमिनीपर्यंत पोहोचतो तेव्हा अतिशय क्षीण झालेला असतो. त्यावर गोंगाट सोडला की रिसीव्हर बहिरा होतो. याला जॅमिंग म्हणतात. खोटा संदेश पाठवला, तर रिसीव्हर चुकीची जागा ठामपणे सांगतो, हे स्पूफिंग. मे २०२५मध्ये एमएससी अँटोनिया हे कंटेनर जहाज तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ रुतले, तेव्हाही स्पूफिंगचाच संशय व्यक्त झाला. बाल्टिक समुद्रात तर हा प्रकार नेहमीचा झाला आहे.

दोन्हींत स्पूफिंग जास्त घातक. जॅमिंग झाले की निदान गजर वाजतो. स्पूफिंगमध्ये पडद्यावर सगळे हिरवेगार असते. अशा वेळी उपयोगी पडतात ती उपग्रहावर न विसंबणारी यंत्रे : साउंडर, रडार, चुंबकीय होकायंत्र आणि डोळे. नकाशा ३० मीटर खोली दाखवतो आणि साउंडर १२, तर तांडेलाने साउंडरवर विश्वास ठेवून आधी वेग कमी करावा. नव्या यंत्रणेत साउंडरचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात जातो आणि जुनी तबकडी काढून तिथे लाकडी पट्टी मारली जाते. आमच्या मते ही तबकडी काढू नये.

अमेरिकी नौदलाच्या अकादमीने सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढण्याचे शिक्षण बंद केले होते, ते २०१५मध्ये पुन्हा सुरू केले. छोट्या बोटीच्या मालकाने सेक्स्टंट शिकावाच असा आग्रह नाही. पण किनाऱ्याच्या दृष्टिपथात असताना दोन दीपगृहांची दिशा होकायंत्राने घेऊन नकाशावर रेघा मारायला पाच मिनिटे पुरतात.

पैसे कुठे खर्च करावेत?

वायरिंग आणि बॅटरीवर. हिशोब सोपा आहे. प्लॉटरला साधारण दीड अँपिअर, आधुनिक रडारला दोन, ऑटोपायलटला सरासरी तीन आणि एआयएस व रेडिओला मिळून एक धरा. साडेसात अँपिअर झाले. बारा तासांच्या रात्रीत ९० अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरणे हिताचे, म्हणजे ५०. पहाटे तीन-चारच्या सुमारास व्होल्टेज पडते आणि नवे पडदे एकामागोमाग बंद होतात. हा आकडा बोटीगणिक बदलेल, पण खरेदीआधी तो मांडायलाच हवा.

अँटेनाचीही तीच गत. डोलकाठीतून खाली येणारी तीस वर्षांची बारीक केबल तशीच ठेवली, तर एआयएसच्या दोन वॅटपैकी निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच जिरू शकते. शिवाय अनेक बोटींवर लाल बटणाचा रेडिओ असतो, पण त्याला जीपीएसची तार कधी जोडलेलीच नसते. मग संकटात बटण दाबले तरी ‘कुठे’ याचे उत्तर जात नाही. हे काम दोन तारांचे आहे आणि सगळ्यात स्वस्त आहे. वेगळ्या बॅटरीवर चालणारा, मुख्य केबलला न जोडलेला हातातला जीपीएस आणि हातातला व्हीएचएफही जवळ हवा. नकाशाचे अ‍ॅप असलेला टॅब्लेट दुसरा पडदा म्हणून चांगला, पण कडक उन्हात तो तापून बंद पडतो.

भारताशी संबंध काय?

शिडाच्या बोटीने एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पूर्ण केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी. त्यांची सागवानी ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली. वाटेत तिचा रेडिओ बंद पडला; जागा काढायला सेक्स्टंट होता, तो चालू राहिला. त्याच सफरीच्या स्मरणार्थ होणाऱ्या गोल्डन ग्लोब शर्यतीत १९८८पूर्वीच्या आराखड्याच्याच बोटी चालतात आणि जीपीएस सीलबंद पेटीत, फक्त आणीबाणीसाठी ठेवावे लागते. २०१८च्या शर्यतीत अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी हिंदी महासागराच्या दक्षिणेला मोडली. ही बोट ‘सुहैली’ची प्रतिकृती, गोव्यात बांधलेली. पाठीच्या दुखापतीने जागचे हलता येत नसताना ते सापडले, ते उपग्रहावरून जागा कळवणाऱ्या यंत्रामुळे. पुढच्या शर्यतीत, एप्रिल २०२३मध्ये, त्याच नियमांखाली ते दुसरे आले.

कोकणातल्या मासेमारी बोटींपर्यंतही हा बदल येतो आहे. इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर एक लाख बोटींवर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाला. नौकाविहारासाठी येणाऱ्या परदेशी बोटींना मात्र एक नियम ठाऊक असावा लागतो : भारतीय हद्दीत थुराया आणि इरिडियमचे उपग्रह फोन परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. जगभर सुरक्षेचे साधन म्हणून विकले जाणारे यंत्र इथे पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकते.

कागदी नकाशे मिळत राहणार का?

काही काळ तरी. अमेरिकेच्या ‘नोआ’ने पारंपरिक कागदी नकाशे २०२५च्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. ब्रिटनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाने २०२२मध्ये २०२६ची मुदत जाहीर केली होती, ती नंतर किमान २०३०पर्यंत पुढे नेली. भारताच्या किनाऱ्याचे कागदी आणि इलेक्ट्रॉनिक असे दोन्ही नकाशे देहरादूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढते आणि त्यातल्या दुरुस्त्या खलाशांसाठीच्या सूचनांमधून नियमित प्रसिद्ध करते. नवा प्लॉटर घेतलात, तरी त्या दुरुस्त्या त्यात भराव्याच लागतात.