कण्हेर आणि मांजराचे ‘उपजत शहाणपण’

संपादक यांस,

कण्हेरीचे पान कडू असल्याने कोणतेही जनावर त्याला तोंड लावत नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान चरायला मोकळ्या गुरांपुरते बव्हंशी खरे असले, तरी सदनिकेत कोंडलेल्या मांजराला ते लागू पडत नाही. कारण त्याच्यापुढे गॅलरीतील कुंडीखेरीज हिरवे असे काही नसते, आणि अंग चाटण्याच्या सवयीमुळे केसांना चिकटलेला चीकही त्याच्या पोटात जातो. कण्हेरीतील ओलिअँड्रिन हे हृदयाच्या पेशींतील सोडियम व पोटॅशियम यांची ने-आण रोखणारे द्रव्य असून त्यामुळे लाळ गळते, उलट्या होतात व पुढे हृदयाचे ठोके बिघडतात. छाटलेली फांदी वाळली तरी हे विष टिकून राहते. जिच्या बियांनी मुले खेळतात ती बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, याच पंगतीतली.

पत्रलेखकाने निर्धोक ठरवलेली पुष्पगुच्छातील लिली तर, झुडूप नसूनही, मांजरासाठी अधिक घातक होय: पाठीवर सांडलेले केशरी पराग चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले, एवढ्यानेही त्याची मूत्रपिंडे १ ते ३ दिवसांत निकामी होऊ शकतात. (नावाने फसवणारी पीस लिली निराळी, तिने मुख्यतः तोंडाची आग होते.)

मांजराने असे पान चघळल्याचा संशय येताच, उलटीची वाट न पाहता व घरी मिठाचे पाणी न पाजता, त्या झाडाची डहाळी सोबत घेऊन पशुवैद्य गाठावा.

— एक वाचक