शस्त्रक्रियांचा आकडा आणि गल्लीचा हिशेब

दिल्ली व परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला आणि अवघ्या अकरा दिवसांत त्रिसदस्यीय खंडपीठाने तो बदलला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री पकडली तेथेच सोडावीत, रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे सुधारित आदेशात म्हटले होते. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हटविण्याचा आदेश आला. श्वानप्रेमी आणि श्वानविरोधक यांच्यातील शाब्दिक चकमकींना या तिन्ही आदेशांनी भरपूर खाद्य पुरवले. त्या गदारोळात, कुत्र्यांची पैदास नेमकी कोठे होते, हा साधा प्रश्न मागे पडला.

मुंबईपुरते बोलायचे तर हा वाद नवा नाही. १८३२ साली कुत्रे मारण्याच्या मोहिमेवरून फोर्ट भागातील पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. महापालिकेने १९८४ ते १९९४ या काळात सुमारे साडेचार लाख कुत्री मारली. तरीही कुत्र्यांची संख्या आणि चाव्यांच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत. १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्बीजीकरणाचा मार्ग घालून दिला, २००१ मध्ये केंद्राचे नियम आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा सुधारित नियमांनी घेतली.

या मार्गाचे फलित काय? २०१४ च्या गणनेत मुंबईत ९५ हजार १७२ भटकी कुत्री आढळली होती. दहा वर्षांनंतरच्या सर्वेक्षणात ही संख्या ९० हजारांच्या आसपास निघाली. याचा अर्थ वाढ रोखली गेली, पण घट नाममात्रच. कारण या योजनेचे गणित शहराच्या सरासरीवर नव्हे, वस्तीवर चालते. एखाद्या वस्तीतील किमान ७० टक्के कुत्र्यांवर अल्पावधीत शस्त्रक्रिया झाली, तरच तेथील संख्या उतरू लागते, असे मानले जाते. कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा आणि ती साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते. त्यामुळे दहापैकी चार कुत्री उचलून गाडी पुढच्या वॉर्डात गेली, तर उरलेल्या माद्या वर्षभरात ती भरपाई करून टाकतात. महापालिकांच्या अहवालात मात्र वर्षभरातील एकूण शस्त्रक्रियांचा आकडा ठळक छापला जातो. गल्लीचा हिशेब त्यात नसतो.

हा हिशेब ज्यांच्यापाशी असतो, त्यांच्याकडे यंत्रणा एकतर उपद्रवी म्हणून पाहते किंवा पाहतच नाही. रोज रात्री कुत्र्यांना खाऊ घालणारी बाई, रात्रपाळीचा वॉचमन, नाक्यावरचा चहावाला यांना कोणती मादी गाभण आहे, कोणत्या कुत्र्याच्या कानावर शस्त्रक्रियेची खूण नाही आणि कोण नव्याने आले आहे, हे तोंडपाठ असते. पकडणाऱ्या पथकाला न सापडणारे बुजरे कुत्रे त्यांच्या हाकेला येते. २०२३ च्या नियमांनी खाद्य देण्याच्या जागा ठरविण्याची जबाबदारी गृहनिर्माण संस्था, रहिवासी संघ व स्थानिक संस्थेवर टाकली आहे. मुलांची खेळण्याची जागा, जिने व प्रवेशद्वारे टाळावीत, असेही त्यात आहे. प्रत्यक्षात बहुतेक सोसायट्यांत या तरतुदीवर केवळ भांडणे होतात. खाद्याची ठरलेली जागा हीच कुत्री मोजण्याची आणि पकडण्याचीही सर्वांत सोयीची जागा असते, हे फारसे कुणी ध्यानात घेत नाही.

गोव्याने वेगळी वाट धरली. ‘मिशन रेबीज’ने तेथे २०१४ पासून राबविलेल्या मोहिमेत पथके घरोघर आणि गल्लोगल्ली फिरली, लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाईलवर ठिकाणासह झाली आणि शाळांतून मुलांना चाव्यापासून बचावाचे धडे मिळाले. २०२१ मध्ये राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. ती मोहीम लसीकरणाची होती, हे खरे. परंतु कोठे काम झाले आणि कोठे राहिले, हे नकाशावर दिसण्याची पद्धत निर्बीजीकरणालाही तितकीच लागू पडते.

पाळीव कुत्र्यांचा मुद्दा तर चर्चेत अभावानेच येतो. रस्त्यावरच्या मादीवर सरकारी खर्चाने शस्त्रक्रिया होते. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅब्रेडॉरला मात्र ‘एकदा तरी पिल्ले व्हावीत’ म्हणून तशीच ठेवली जाते. या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. झोपडपट्ट्यांत आणि शहराच्या कडेच्या गावठाणांत अर्धवट पाळलेली, दिवसा मोकळी सोडलेली कुत्री असतात. त्यांचा मालक असतो म्हणून पथक त्यांना हात लावत नाही आणि मालकाला खासगी शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नाही. नव्या पिल्लांचा एक मोठा पुरवठा येथून होतो. कुत्रा पाळण्याचा परवाना आज बव्हंशी लसीच्या दाखल्यावर मिळतो. निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्यासाठी शुल्कात भरीव सवलत आणि वस्तीतच महिन्यातून एकदा अल्पदरातील शस्त्रक्रिया शिबिर, एवढे करायला कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. पण कल्याण वा विरारच्या रिक्षाचालकाला आपली कुत्री घेऊन तेथवर जायचे, तर त्याचा दिवसाचा धंदा बुडतो.

नोव्हेंबरच्या आदेशानुसार संस्थांच्या आवारातून उचललेली कुत्री निवाऱ्यात ठेवायची, तर जागा, पशुवैद्यक आणि रोजचे अन्न यांचा खर्च त्या कुत्र्यांच्या आयुष्यभराचा आहे. हा पैसा स्वतंत्रपणे उभा राहिला नाही, तर तो निर्बीजीकरणाच्याच तरतुदीतून वळवला जाण्याची भीती आहे. तसे झाले, तर रिकाम्या झालेल्या आवारांत शेजारच्या गल्लीतील पुढची वीण येऊन बसायला फार दिवस लागणार नाहीत.