पाच रुपयांची पुडी आणि मुलांची वही

एखादे घर गरीब की सुस्थितीतले, हे कसे ओळखावे? एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली त्याचे साधे माप सांगितले. (मार्क्सचे सहकारी एंगल्स ते वेगळे.) घर जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. आजही जगभर हे माप लागू पडते. अमेरिकेतली कुटुंबे घरचे-बाहेरचे मिळून हाती येणाऱ्या पैशातले सुमारे 11 टक्के खाण्यावर खर्च करतात. नायजेरियात मात्र घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग खाण्यातच जातो.

आपल्याकडे काय आहे? केंद्र सरकारच्या 2022-23 च्या पाहणीत ग्रामीण भागात दर माणशी महिन्याचा खर्च सरासरी 3,773 रुपये निघाला. त्यात खाण्याचा वाटा सुमारे 46 टक्के. 1999-2000 साली तो 59 टक्के होता. एंगेलच्या मापाने आपण पुढे सरकलो, याचा आनंद आहे.

परंतु आतले आकडे पाहा. तेव्हा धान्यावर सुमारे 22 टक्के खर्च होई, आता जेमतेम 5 टक्के होतो. रेशनचे धान्य हे त्याचे एक कारण. मग वाचलेला पैसा कुठे गेला? खाण्यातला सर्वांत मोठा खर्च आता थंड पेये, चहा, पाकिटातले पदार्थ आणि बाहेरचे तयार खाणे यांचा आहे. पान, तंबाखू आणि दारूवर 3.79 टक्के, तर मुलांच्या शिक्षणावर 3.30 टक्के! 'शिका' हा ज्यांचा पहिला मंत्र, त्या बाबासाहेबांच्या लेकरांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आपला जालना जिल्हा मोसंबीचा. आपल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरी घरी पाहुणा आला की पोरगा धावतो तो कोलाच्या बाटलीसाठी. 250 मिलीलिटर कोलात सुमारे 26 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते. मोठ्या माणसानेही दिवसाला वरची साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, हे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेक्सिकोने तर मधुमेह आणि लठ्ठपणापायी 2014 पासून अशा गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. इकडे 2023 हे वर्ष जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि आपली मुले ज्वारीच्या भाकरीला नाक मुरडतात.

दोष एकट्या माणसाचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपुढे राबणारा भाऊ भूक मारण्यासाठी तंबाखू मळतो, हे आम्हाला ठाऊक आहे. कंपन्याही हुशार. रोजंदारीवाल्याच्या खिशात रोज पाच-दहा रुपये सुटे असतात, हे ओळखूनच त्यांनी पुड्या काढल्या. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो मिळायचा थांबला नाही.

पण हिशेब आपल्या हातात आहे. दोन मुलांना रोज दहा-दहा रुपयांचा पुडा दिला, तर वर्षाला 7,300 रुपये होतात. तेवढ्यात वह्या, पुस्तके, गणवेश येऊन काही उरते.

तथागतांनी सिगाल या गृहस्थाला हेच सांगितले. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, एक अडीअडचणीसाठी राखून. संपत्ती नासण्याची कारणे सांगताना त्यांनी पहिले स्थान नशेला दिले. पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. ते घरखर्चाचेही शील आहे.

तेव्हा माता-भगिनींनो, येत्या एक तारखेपासून एक वही घाला. तिच्यात तीन रकाने करा: घरचे अन्न, पुडी-बाटली-नशा, आणि शिक्षण. महिनाभर खरे लिहा, नवऱ्याचा खर्चही त्याला विचारून लिहा. महिनाअखेरीस मुलांना जवळ बसवून बेरीज त्यांच्याकडूनच करून घ्या. दुसरा रकाना तिसऱ्यापेक्षा मोठा निघाला, तर पुढच्या महिन्यात काय कमी करायचे, ते सगळ्यांनी मिळून ठरवा.

जयभीम!